नव्या शब्दांचा कारभार

बऱ्हाणपुराहून रावेरास जावयाचे म्हणजे फार तर तासाभराचा प्रवास. वाटेत केळीच्या बागा त्याच, काळी माती तीच, आणि उभय बाजूंच्या गावांतून सोयरिकीही होत असतात. परंतु राज्याची सीमा ओलांडताच विधायकांचे ‘आमदार’ होतात, सांसदांचे ‘खासदार’ होतात, ‘लोकतंत्र’ जाऊन ‘लोकशाही’ येते, आणि सरकारी योजनेचा जो ‘हितग्राही’ तो ‘लाभार्थी’ बनतो. मनुष्य तोच, अंगठाही तोच. शब्द मात्र निराळा. सीमेवर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस हे दोन्ही कोश पाठ असावे लागतात. त्यामुळेच की काय, राज्यकारभारातले हे शब्द कोठून येतात, त्यांना कोण घडवितो, आणि ते कोणाच्या उपयोगी पडतात, याविषयी आम्हांस पुष्कळ दिवसांपासून कुतूहल वाटत आले आहे.

शब्द घडविण्याचा हा उद्योग काही १९४७ नंतरचा नव्हे. राजाला प्रजेशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न पडतोच. आमच्याच गावातील जामा मशिदीत, इसवी सन १५९० च्या सुमारास, फारुकी घराण्यातील आदिलशाहाने अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरविला. तो आजही वाचकांस पाहता येईल. पुढे १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि त्यानंतर त्यांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. दरबारात रुळलेल्या फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा हा सुमारे चौदाशे शब्दांचा कोश. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री, सरनौबताचा सेनापती.

येथे एक मौज ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्यक्ष छत्रपतींच्या आज्ञेने झालेला शब्दही लोकांच्या जिभेवर हुकूम चालवू शकला नाही. कोशात ‘मुख्य प्रधान’ लिहिले गेले. तरी शनिवारवाड्यात जो बसला त्यास अवघा महाराष्ट्र शेवटपर्यंत ‘पेशवा’ च म्हणत राहिला. उलट, जे शब्द त्या वेळी पोथीत निजले, ते स्वराज्यात डोळे चोळीत उठले. ‘सचिव’, ‘मंत्री’ आणि ‘प्रधान’ यांवाचून आज एक दिवस वृत्तपत्र निघत नाही. मात्र वाकनीस म्हणजे राजाच्या खासगीची व्यवस्था पाहणारा आणि नित्याचे वृत्त टिपून ठेवणारा अधिकारी. आजच्या मंत्र्यांस कोणी ‘वाकनीस’ म्हटले तर त्यांस ते कितपत रुचेल, हे सांगवत नाही!

विसाव्या शतकात या उद्योगास पुन्हा जोर आला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी अनेक भाषांतील शासनशब्दांचा ‘श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ साली प्रसिद्ध करविला. रत्नागिरीस सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ आरंभिली. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘हुतात्मा’ हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यांपैकी ‘महापौर’ तर तिकिटावाचून सीमा ओलांडून हिंदीतही जाऊन बसला. आमच्या बऱ्हाणपूर महानगरपालिकेच्या प्रमुखासही सर्वजण महापौरच म्हणतात. गंमत अशी की माधव जूलियन यांनी आधी फारसी-मराठी कोश रचला, आणि पुढे त्यांनीच ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. एकाच मनुष्याच्या मनात दोन्ही ओढी असू शकतात, हे आम्हां सीमेवरच्यांस निराळे सांगावयास नको.

परंतु आमच्या जिल्ह्याचा निकटचा संबंध येतो तो डॉ. रघुवीर यांच्याशी. त्या काळी बऱ्हाणपूर जुन्या मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. तेथे बसून या पंडिताने राज्यकारभार आणि शास्त्रे यांसाठी लक्षावधी शब्द घडविण्याचा संकल्प केला. त्यांचा हिशेब असा की संस्कृतातील वीस उपसर्ग, ऐंशी प्रत्यय आणि पाचशेंवर धातू हाताशी असता शब्दांची टंचाई पडण्याचे कारणच नाही. एका ‘विधि’ पासून विधान, संविधान, विधेयक, विधायक, वैधानिक, अवैध अशी रांगच्या रांग उभी राहते, आणि एक शब्द समजला की दुसऱ्याचे कुळ ओळखता येते. भारताच्या संविधानाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचे अध्यक्षही याच प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष घनश्याम सिंह गुप्त हे होते. १९५० मध्ये या प्रांताने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांस राजभाषेचा मान दिला. तो मान आमच्या वाट्यास अल्पकाळ आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमची राजधानी भोपाळास गेली, आणि कचेरीत हिंदी एकटी उरली. तेव्हापासून आमच्या वडीलधाऱ्यांनी घरी मराठी बोलावी आणि अर्ज हिंदीत लिहावा, असा परिपाठ पडला.

डॉ. रघुवीरांची लोकांनी थट्टा पुष्कळ केली. गळपट्टीस आणि आगगाडीस हास्यास्पद नावे रचून ती त्यांच्या पदरी बांधली. महाराष्ट्रातही निराळे घडले नाही. १९६० साली तेथे भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये त्याचा ‘पदनाम कोश’ निघाला, आणि विनोदी मंडळींनी लागलीच त्यास ‘बदनाम कोश’ म्हणून टाकले. आम्हांस स्वतःस ही थट्टा अर्धीच न्याय्य वाटते. नवा शब्द प्रथम कानास बोचतोच. आमच्या मंदिरांत लॅटिन जाऊन लोकभाषा आली, तेव्हा ‘ख्रिस्तयाग’ हा शब्द ऐकून जुन्या आजीबाईंनीही कपाळास आठ्या घातल्या होत्या, असे आम्ही ऐकतो. त्यांचा ‘मिस्सा’ काही सुटला नाही, आणि आज दोन्ही शब्द एकाच बाकावर सुखाने बसतात. अपरिचितपणा हा शब्दाचा दोष नव्हे. दोष कशात असतो, हे पाहण्यापूर्वी थोडे किल्ल्यात जाऊन येऊ.

तापीच्या काठी आमचा ‘शाही’ किल्ला आहे. त्यात ‘शाही’ हमाम आहे. त्याच्या छतावरची चित्रे पाहावयास प्रवासी येतात. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास या शहाजहानच्या काळच्या इमारतींचे अवशेषही तेथे दाखवितात. ‘शाही’ म्हणजे बादशहाचे, बादशाही थाटाचे. आता मराठी माणसाने काय केले पाहा. ज्या शब्दाने बादशहाचे स्नानगृह ओळखले जात होते, तो शब्द त्याने उचलला, त्याच्या अलीकडे ‘लोक’ हा संस्कृत शब्द जोडला, आणि ‘लोकशाही’ तयार झाली! पंडिताच्या दृष्टीने हा संकर. अर्धा देह संस्कृत, अर्धा फारसी. हिंदीने शुद्ध ‘लोकतंत्र’ निवडले. ‘तंत्र’ म्हटले म्हणजे व्यवस्था, रचना, यंत्र डोळ्यांपुढे येते. ‘लोकशाही’ म्हटले म्हणजे बादशहाच्या गादीवर लोक बसलेले दिसतात. आम्ही रोज हिंदी बोलतो, त्या भाषेचे उपकार आम्हांवर आहेत. तथापि या एका शब्दापुरता आमचा कौल मराठीस आहे.

आणि एकदा ही ‘शाही’ हातात आल्यावर मराठी माणूस थांबला नाही. राजेशाही, हुकूमशाही, भांडवलशाही, साम्राज्यशाही, नोकरशाही ही मोठी भावंडे झाली. मग दंडेलशाही, झुंडशाही, घराणेशाही, ठोकशाही. यांपैकी बहुतेकांची मुंज कोणत्याही कोशसमितीने लावलेली नाही. सभेत कोणी बोलून गेला, वृत्तपत्राने छापले, पारावर लोकांनी उचलले. यात विशेष असे की ‘लोकशाही’ सोडली तर या कुळातले बहुतेक शब्द निंदेचे आहेत. राज्य करणाऱ्याचे दोष सांगण्यासाठी लोकांस एक साचा सापडला, आणि प्रत्येक पिढीने त्यात आपापली तक्रार ओतली. कचेरीतून आलेले शब्द वर्णन करतात. पारावरचे शब्द जाब विचारतात.

‘आमदार’ आणि ‘खासदार’ हेही दरबाराची आठवण करून देणारे. ज्या लोकसभेच्या नावातच ‘लोक’ आहेत, तिच्या सभासदास ‘खास’ म्हणावे, हे आम्हांस नेहमीच विनोदी वाटत आले आहे. ‘मतदान’ या शब्दाविषयी तर आम्ही आमच्या तरुण मंडळींशी एकदा तासभर वाद घातला. कन्यादान, गोदान, भूदान, तसे मतदान. दान एकदा दिले म्हणजे त्यावर आपली सत्ता उरत नाही आणि परत काही मागावयाचे नसते. मत हे असे दान आहे काय? एका मुलीने उत्तर दिले, “फादर, मग ‘मत-उधार’ म्हणू या, पाच वर्षांनी व्याजासह मागता येईल.” हा शब्द निवडणूक आयोग स्वीकारील असे दिसत नाही.

सेमिनरीत असता आमचे एक वृद्ध प्राध्यापक सांगत की कोणत्याही शब्दाची परीक्षा करावयाची असेल तर तो ज्याच्याविषयी योजला आहे त्याच्या तोंडी घालून पाहावा. त्यास तो आपलासा वाटतो काय, आणि त्या शब्दाने त्यास प्रत्युत्तर देता येते काय? या कसोटीचे सर्वांत मोठे उदाहरण मराठी मुलुखातच घडले आहे. अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी गांधीजींनी ‘हरिजन’ हा भक्तिपरंपरेतला शब्द रूढ केला. १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिकही काढले. हेतू चांगला होता, शब्द गोड होता. पण ज्यांचे ते नाव, त्यांस कोणी विचारले नव्हते. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकाद्वारे हा शब्द कायद्यात येऊ लागला, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी त्यास विरोध केला; आणि विरोध मानला गेला नाही तेव्हा ते सभागृहातून उठून गेले. ‘दलित’ हा शब्द मुळीच गोड नव्हे. त्यात चिरडले गेल्याची आठवण आहे. तरीही १९७२ मध्ये दलित पँथर स्थापणाऱ्या तरुणांनी तो अभिमानाने मिरविला. दुसऱ्याने दिलेले मधुर नाव नको झाले. स्वतः उचललेले कडू नाव चालले.

या मानाने ‘राष्ट्रपती’ शब्दावरचा वाद आम्हांस किरकोळ वाटतो. २००७ साली प्रतिभाताई पाटील त्या पदावर आल्या. आमच्या शेजारच्या एदलाबादचे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे, त्यांनी अनेक वर्षे विधानसभेत प्रतिनिधित्व केले होते. स्त्रीस ‘पती’ कसे म्हणावे, यावर तेव्हा चहाच्या दुकानांतून रणे माजली. सेनापती, कुलपती यांतील ‘पती’ म्हणजे स्वामी, पालक, एवढे सांगितल्यावर बहुतेकांचे समाधान होत असे.

‘दिव्यांग’ या शब्दाचे तसे नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तो सुचविला, आणि अल्पावधीत कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. काही अपंग-संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. आमच्या धर्मग्रामात एक माता आहे. तिचा मुलगा कुबड्यांवर चालतो. नव्या शब्दाविषयी तिचे मत आम्ही विचारले, तर ती म्हणाली, “फादर, नाव चांगलेच आहे. पण दाखल्यासाठी ज्या मजल्यावर जावे लागते, तेथच्या पायऱ्या पूर्वी होत्या तेवढ्याच आहेत.” तिने शब्दाची निंदा केली नाही, आणि स्तुतीही केली नाही.

आता आमच्या आरंभीच्या ‘हितग्राही’ कडे वळू. राज्याने सामान्य मनुष्यास आजवर कोणकोणत्या नावांनी हाक मारली, हे एका ओळीत मांडून पाहावे. मोगलाईत आणि मराठेशाहीत तो ‘रयत’ होता. संस्थानांत ‘प्रजा’ झाला. २६ जानेवारी १९५० पासून तो ‘नागरिक’ आहे. या शब्दासाठी लोकांनी तुरुंग भोगले. निवडणुकीच्या दिवसापुरता तो ‘मतदार’ होतो. आणि अलीकडे, कोणी जाहीर न करता, तो ‘हितग्राही’ झाला. नागरिकास हक्क असतो. हितग्राही हित ग्रहण करतो, म्हणजे दिलेले घेतो. धान्य, घरकुल, औषध ही गरिबाघरी पोहोचली पाहिजेत, यात शंका नाही. पोहोचतात तेथे आम्ही देवाचे आभार मानतो. आमचा प्रश्न केवळ नावाचा आहे. त्यातच नात्याचे शब्द आले. जुनी रयत ‘मायबाप सरकार’ म्हणे. आमच्या राज्यात २०२३ मध्ये ‘लाडली बहना’ योजना निघाली, महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’. मायबापाच्या जागी भाऊ आला. नात्यात प्रेम असते हे खरे. परंतु भावाकडे पावती मागता येत नाही, आणि नाव यादीतून गळाले तर बहिणीने रुसावयाचे की अपील करावयाचे, हे त्या शब्दावरून उमगत नाही.

अपिलाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एक वृद्ध शेतकरी, ज्यांस आम्ही सर्वजण काका म्हणतो, एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. वडिलार्जित दीड एकरावर त्यांचे नाव लागावयाचे होते. सीमेपलीकडे ज्यास ‘फेरफार’ म्हणतात आणि इकडे ‘नामांतरण’. कागदावर लिहिले होते की प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले आहे. काकांस मराठी ‘नस्ती’ ठाऊक होती. नस्ती म्हणजे फाईल. आपले प्रकरण फाईलीत पक्के बांधले गेले, आता ते कोठे जात नाही, असे समजून त्यांनी तो कागद वर्षभर बायबलात जपून ठेवला होता. वस्तुतः कचेरीच्या भाषेत नस्तीबद्ध म्हणजे प्रकरण बंद. एक कागद जोडावयाचा राहिला म्हणून ते बंद झाले होते, आणि अपिलाची मुदत केव्हाच टळून गेली होती. पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा. दोन हंगाम त्यात गेले. शब्द शुद्ध होता, व्याकरणशुद्ध होता. त्यास कोणीही हसले नसते. पण ज्याच्या जमिनीविषयी तो लिहिला गेला, त्यास ‘बंद’ एवढे दोन अक्षरी लिहिले असते तर पुरे होते.

संविधानाच्या उद्देशिकेतही आम्हां सीमेवरच्यांस असाच पेच आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तेथे जो शब्द आला, तो मराठी प्रतीत ‘धर्मनिरपेक्ष’ आहे आणि हिंदी प्रतीत ‘पंथनिरपेक्ष’. इंग्रजी मूळ एकच. शाळेतील मुलांनी यांतील भेद विचारला तर शिक्षकांस घाम फुटतो. आमच्या राज्यात १९६८ साली ‘धर्म स्वातंत्र्य अधिनियम’ झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य ठरविला, आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा अधिनियम आला. नावात स्वातंत्र्य आहे; कलमांत मुख्यतः मनाई, सूचना आणि शिक्षा आहेत. बळजबरीने वा फसवणुकीने कोणाचाही धर्म बदलू नये, हे आम्हांसही मान्यच आहे. परंतु ‘प्रलोभन’ आणि ‘असम्यक् असर’ या पदांचा अर्थ किती लांबवर पोहोचतो, हे ज्यांस कळणे सर्वांत अगत्याचे, त्या साध्या घरांतील माणसांस तो शब्द उच्चारताही येत नाही. आजाऱ्यास औषधासाठी उसने पैसे द्यावे की नाही, असे आम्हांस विचारणारे भेटले आहेत. ‘असम्यक्’ संस्कृत, ‘असर’ अरबी. येथेही संकर आहेच. ‘लोकशाही’ च्या संकराने मात्र कोणी भ्याले नाही.

काकांच्या प्रकरणानंतर आमच्या युवक-युवतींनी एक काम हाती घेतले आहे. मंदिरामागील सभागृहात एक मोठा तक्ता लावला असून त्यात तीन रकाने आहेत: कचेरीतला शब्द, सीमेपलीकडचा मराठी शब्द, आणि घरी आपण काय म्हणतो ते. निरस्त, म्हणजे अर्ज फेटाळला. अपात्र, म्हणजे यादीत नाव नाही, कारण लेखी मागा. अनुविभागीय अधिकारी, म्हणजे ज्यांस आपण एसडीएम म्हणतो ते. नस्तीबद्ध, म्हणजे फाईल बंद, आजच जाऊन विचारा. रविवारी मिस्सानंतर लोक तेथे थांबतात, आपापल्या पिशवीतले कागद काढून शब्द जुळवून पाहतात; काका स्वतः ‘नस्तीबद्ध’ पाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यास तो समजावून देतात. आतापर्यंत साठाहून अधिक ओळी भरल्या आहेत. ‘असम्यक् असर’ पुढील तिसरा रकाना मात्र अद्याप कोरा आहे. वाचकांपैकी कोणी वकिली करीत असतील, आणि हा अर्थ आमच्या गावातील आजीबाईस कळेल अशा चार शब्दांत लिहून पाठवतील, तर आम्ही तो तक्त्यावर अवश्य चढवू.